दाराखालचा पत्रा

जानेवारीतल्या एका सकाळी गाडी पुसता पुसता माझं बोट ड्रायव्हरच्या दाराखालच्या पत्र्यात आरपार गेलं. रंगाला तिथं फुगवटा आला होता, पापड भाजताना येतो तसा. मी सहज नखानं टोकरलं तर रंगाचं टरफल निघून आलं, आणि आत पत्रा नव्हताच. नुसता तांबडा भुगा. बोट बाहेर काढलं तेव्हा ते विटेच्या रंगाचं झालं होतं.

बायको घरात असती तर मी तिथूनच ओरडलो असतो, "अगं, इकडं ये, बघ काय झालंय." पण ती दिवाळीनंतर पुण्याला लेकीकडं गेली होती. लेकीची बाळंतपणाची रजा संपली होती. ती आणि जावई दोघंही सकाळी ऑफिसला निघतात, मग लेकरू सांभाळायचं कुणी? परक्या बाईच्या हातात पोर द्यायला लेकीचं मन धजेना. बायकोनं बॅग भरली. मलाही चला म्हणाली होती. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मी बसणार कुठं आणि झोपणार कुठं? शिवाय पाण्याचा प्रश्न होता. आमच्याकडं नळाला पाणी येतं ते आठवड्यातून एखाद वेळा, आणि त्या वेळेला घरात माणूस नसलं की पुढचे सगळे दिवस कोरडे. पाण्याचं कारण सांगून मी मागं राहिलो. मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत येईलच की परत.

नोकरी मी वाळूजच्या एका कारखान्यात केली. ब्रेकमध्ये बसणारा बोटभर लांबीचा एक तुकडा असतो, तो तपासायचं काम. आयुष्यभर गाड्यांसाठी राबलो, पण अख्खी गाडी कधी हाताखाली आली नाही. ही पांढरी गाडी घेतली तीही कुणाची तरी वापरलेली, लेक शाळेत होती तेव्हा. आमच्या कोरड्या हवेत गाड्या गंजत नाहीत म्हणतात, पण हॉलच्या खिडकीतला कूलर पोर्चमध्ये बाहेर आलेला आहे आणि गाडी बरोबर त्याच्या खाली उभी असते. कित्येक उन्हाळे त्याचं पाणी त्या एकाच जागी टपकत राहिलं. आम्ही आत गार हवेत झोपलेलो असायचो.

मी गाडी शहागंजकडच्या एका मिस्त्रीकडं नेली. म्हातारा माणूस, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यानं दाराखाली हात घातला, इकडंतिकडं बोटानं ठोकून बघितलं, मागच्या दाराचा पोचाही बघितला. तो पोचा लेक गाडी शिकत होती तेव्हाचा. फाटकाच्या खांबाला घासली होती.

"छोड के जाओ चचा," मिस्त्री म्हणाला. "आठ दिन में नई जैसी करके देतूं."

आठ दिवस. माझ्या डोळ्यांसमोर रिकामा पोर्च आला. घरातला एकेक आवाज कमी होत गेला होता. सकाळचा कुकर थांबला, आरतीची घंटी थांबली, दुपारी टीव्हीवर ती बघायची त्या मालिका थांबल्या. फाटक उघडल्यावर निदान गाडी तरी समोर दिसायची. तीही नसली तर घरी जाऊन काय करायचं, ते मला सुचेना.

"घरपेच करता मैं," मी म्हणालो.

"कायकू? हात कट जाएंगा."

"टाइम है मेरेकू."

त्यानं हातातला हातोडा खाली ठेवला आणि सांगायला लागला. सडलेला पत्रा जिथपर्यंत सडलाय तिथपर्यंत कापून टाकायचा, दया दाखवायची नाही. नवा तुकडा वेल्डिंगनं बसवायचा. त्यावर प्रायमर, मग पुट्टी, पुट्टी घासून सपाट, पुन्हा प्रायमर आणि मगच रंग. "गंज के उपर पेंट मारे तो वो अंदरीच अंदर खाते जाता," तो म्हणाला. निघताना त्यानं रबरी डोक्याचा एक जुना हातोडा मला वापरायला दिला.

सुरुवात मी पोच्यापासून केली, कारण तिथं कापाकापी नव्हती. दाराचं आतलं आवरण काढलं, आत हात घालून हातोड्यानं हळूहळू ठोकत राहिलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एकाएकी 'टण्ण' असा आवाज झाला आणि पत्रा बाहेर आला. थोडा वाकडा होता, पण आला. मी ताडकन उभा राहिलो आणि मागं वळून बघितलं, कुणाला तरी दाखवायला. गल्लीत कुणी नव्हतं. समोरच्या गच्चीवर गोधड्या वाळत होत्या. मी मोबाइल काढून दाराचा फोटो घेतला, बायकोला पाठवला. तिनं दुपारी अंगठा पाठवला. बाळ मांडीवर होतं म्हणून टाइप करता आलं नाही, असं संध्याकाळी म्हणाली.

आमचं संध्याकाळचं बोलणं असं असायचं. ती विचारणार, "जेवलात का?" मी म्हणणार, "जेवलो." मग मोबाइल बाळाच्या हातात जायचा, पडद्यावर नुसता गाल नाहीतर छताचा पंखा दिसायचा, आणि मग कुणीतरी चुकून फोन बंद करायचं. खरं तर मी ओट्यापाशी उभ्यानंच जेवायचो. एकट्यासाठी ताट कुठं मांडायचं? एकदा रंगाच्या दुकानात प्रायमर मागायला गेलो आणि तोंडातून आवाजच फुटेना. दुकानदार म्हणाला, "सर्दी झाली का काका?" तेव्हा ध्यानात आलं, आदल्या संध्याकाळच्या फोननंतर मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो.

दाराखालचा पत्रा कापायला घेतला तो दिवस मात्र वाईट निघाला. मिस्त्रीनं सांगितल्याप्रमाणं खरवडत गेलो, तर भोक वाढतच गेलं. आधी वाटलं होतं तळहाताएवढं असेल. ते दाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत निघालं. मी जमिनीवर आडवा पडून पत्रा कापायची कात्री चालवत होतो. अडकलेला एक तुकडा जोर लावून ओढला आणि तो सुटला तो सरळ डाव्या तळहातातून गेला. दुखलं नाही लगेच. आधी फरशीवर रक्त दिसलं आणि मग दुखलं.

मी रुमाल गुंडाळला आणि पोर्चच्या पायरीवर बसलो. हाक कुणाला मारायची? बसल्या जागेवरून मी नुसतंच "अहो, कुणी आहे का?" असं म्हणालो, आणि ते मलाच इतकं चमत्कारिक वाटलं की पुन्हा म्हणवेना.

शेजारचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर आहेत. छावणीतल्या बाजारातून भाजी घेऊन येत होते. फाटकातून त्यांना रक्त दिसलं. पिशवी तिथंच टाकून आत आले.

"अरारा! काय केलं भाऊ हे? उठा, उठा. बसा गाडीवर."

स्कूटरवर त्यांच्या मागं बसून मी दवाखान्यात गेलो. टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. नर्सनं विचारलं, "पेशंटसोबत कोण आहे?"

"मी हाय की," शेजारी म्हणाले.

"नातं काय?"

"भिंतीला भिंत," ते म्हणाले. नर्स हसली. मी भिंतीवरच्या डोळे तपासायच्या तक्त्याकडं बघत बसलो.

"तुमच्या वहिनीला सांगू नका," परत येताना मी त्यांना म्हणालो. "उगाच घाबरंल ती तिथं."

"मी नाय सांगत," ते म्हणाले. त्यांनी खरंच सांगितलं नाही. त्यांच्या बायकोनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. मी एका हातानं चहा गाळत होतो. दारात बायको उभी, खांद्याला प्रवासाची बॅग, केस वाऱ्यानं विस्कटलेले. पहाटेच्या बसनं आली होती. लेकीनं दोन-तीन दिवसांची रजा टाकली होती.

तिनं आधी माझा हात बघितला, मग पोर्चमधली गाडी बघितली. दाराखाली हे एवढं भगदाड, फरशीभर तांबडा भुगा, वर्तमानपत्रं, डबे.

"तुम्ही घर सोडून राहत नाय म्हणाला होता ते याच्यासाठी?" ती म्हणाली.

"गंज लागला होता गं."

"मला सांगायचं नाय?"

"तू तिथं काय करणार होतीस?"

ती बॅग आत ठेवून आली, पदर खोचला आणि झाडू घेतला.

गल्लीच्या तोंडाशी फाटकं-जाळ्या बनवणारा एक वेल्डर आहे. त्याला त्याच दुपारी बोलावलं. त्यानं नवा तुकडा बसवून दिला. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी पुट्टी लावली, म्हणजे मी सांगितलं आणि तिनं लावली. पोळीला तूप लावावं तसा तिचा हात फिरत होता, माझ्यापेक्षा कितीतरी सरळ. वाळल्यावर पाण्यानं घासायची वेळ आली. नळ यायला अवकाश होता, म्हणून तिनं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवलं, आणि त्याच पाण्यात घासकागद बुडवून ती घासायला बसली. मी उजव्या हातानं मागचं दार घासत होतो. खर्र खर्र एवढाच आवाज. मधूनच ती म्हणाली,

"तिथं लई एकटं वाटतं हो."

मी थांबलो. "घर भरलेलं असतं की."

"सकाळी भरलेलं असतं. नऊला दोघं जातात. मग मी आन बाळ. बाळ झोपलं की मी खिडकीत उभी राहते. अकरावा मजला. खाली माणसं दिसतात, पण तोंड दिसत नाय कुणाचं. लिफ्टमधी लोक मोबाइलमधी बघतात. एकदा एक बाई हसली माझ्याकडं बघून, मी दोन दिवस तिची वाट बघितली." तिनं कागद बादलीत बुडवला. "तुम्हाला बरंय. आपलं घर, आपली गल्ली."

मला वाटत होतं की ती तिथं नातीत रमली आहे. तिला वाटत होतं की मी इथं माझ्या गल्लीत मजेत आहे. एवढे महिने रोज फोनवर बोलत होतो आम्ही.

"मी ओट्यापाशी उभ्यानं जेवतो," मी म्हणालो.

"रोज?" ती म्हणाली.

"रोज."

त्यावर आम्ही काही ठरवलं नाही. ठरवण्यासारखं होतं काय? नात बालवाडीत जाईपर्यंत तिला तिकडं राहायलाच पाहिजे होतं, आणि मला तिथं जाऊन हॉलमधल्या सोफ्यावर दिवस काढणं जमणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. आम्ही पुन्हा घासायला लागलो. त्या दिवशी दुपारी तिनं दोन ताटं मांडली आणि आम्ही खूप वेळ जेवत बसलो.

रंग मी दुकानातून स्प्रेच्या डब्यात भरून आणला होता. तिनं काचांना आणि टायरना वर्तमानपत्रं चिकटवली, मी फवारा मारला. एके ठिकाणी जास्त झाला आणि ओघळ आला. वाळल्यावर दोघं मागं सरकून बघायला लागलो. जुना पांढरा उन्हानं पिवळट झालेला, नवा पांढराशुभ्र. लांबूनसुद्धा ठिगळ कळत होतं.

"एक दूध हाय आन एक साय," ती म्हणाली, आणि हसली. शेजारचे भिंतीवरून बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, एसटीला याच्यापेक्षा वाईट रंग असतो."

तिला परत सोडायला मी गाडीच काढली. टाके अजून ओले होते, म्हणून शेजारी म्हणाले, "मी चालवतो, भाऊ. पुण्याला भाचा हाय माझा, भेट होईल." निवृत्तीनंतर त्यांनी पुण्याचा रस्ता बघितला नव्हता. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ते ताठ बसले, आणि सबंध रस्ताभर कुठल्या फाट्यावर कुठलं हॉटेल होतं ते सांगत राहिले. मागच्या सीटवर आम्ही दोघं नवराबायको. लेक लहान असतानासुद्धा आम्ही कधी असे मागं शेजारी शेजारी बसलो नव्हतो. मी कायम पुढं असायचो. नगरच्या पुढं तिला झोप लागली, डोकं माझ्या खांद्याला टेकलं. मी रस्ताभर हललो नाही.

पुण्यात लेकीनं गाडी बघून कपाळाला हात लावला. "पप्पा, हे घरी केलं?" नातीला मी ड्रायव्हरच्या सीटवर उभं केलं, तिनं हॉर्न वाजवला आणि स्वतःच दचकली. रात्री सोफ्यावर झोपलो. सकाळी नऊला लेक आणि जावई निघाले, दार लागलं, आणि घर कसं शांत होतं ते मला कळलं. बायकोनं मला ती खिडकी दाखवली. आम्ही दोघं तिथं चहा घेत उभे राहिलो. खाली एक माणूस झाडांना पाणी घालत होता. त्याचं तोंड खरंच दिसत नव्हतं.

दुपारी शेजारी भाच्याकडून आले, तेव्हा निघालो. बाळ झोपलं होतं म्हणून बायकोला खाली येता आलं नाही. "बाल्कनीतून बघते," म्हणाली. सोसायटीच्या फाटकाबाहेर आल्यावर मी शेजाऱ्यांना गाडी थांबवायला सांगितली. काच खाली केली आणि वर बघितलं. अकरावा मजला मोजायला लागलो तर मध्येच चुकलो, पुन्हा मोजायला लागलो, ऊन डोळ्यांत आलं. कुठं कपडे वाळत होते, कुठं कुंड्या होत्या, दोन-तीन ठिकाणी माणसं उभी होती. त्यातली आपली कोणती ते काही कळेना. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

मी हात बाहेर काढला आणि सगळ्या इमारतीलाच हलवला.

"दिसल्या का वहिनी?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणालो. त्यांनी गियर टाकला.