दोन क्रँकशाफ्ट

अमरावतीच्या एका आयटीआयत मी तीस वर्षं टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम, शिकवला. घर अकोल्याला. रोज सकाळची गाडी, संध्याकाळची गाडी. घरी आले की हे आधी मला मागच्या दाराशी थांबवायचे. "त्या तेलाचा वास घेऊन घरात येऊ नको," म्हणायचे. मी रॉकेलने हात घासायची, मग साबणाने, मग आंघोळ, आणि मगच स्वयंपाकघर. पाहुणे आले तर हे सांगत, "आयटीआयत आहे ती." काय शिकवते हे कधी सांगितलं नाही. लोकांना शिवणकाम वाटायचं. वाटू द्यायचे.

हे स्वतः कचेरीत हेडक्लार्क होते. आम्ही दोघं पाठोपाठ निवृत्त झालो आणि यांना यंत्रांचं वेड लागलं. मोबाइलवर कुठल्याकुठल्या देशांतली म्हातारी माणसं घरच्या शेडमध्ये छोटी इंजिनं बनवताना बघायचे. अकोटला एका बंद पडलेल्या जिनिंगचं वर्कशॉप मोडीत निघालं, तिथून एक जुना लेथ टेम्पोत घालून घरी आणला. मागच्या पडवीत बसवला. आता तोच वास घरभर झाला, आणि हे त्याच कपड्यांनी जेवायला बसू लागले.

मला लेथजवळ उभं राहू देत नसत. पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "टूल खाली बसलंय, थोडं वर घ्या." हे वळून म्हणाले, "मी तुया वर्गातला पोट्टा नाही."

त्यानंतर मी सांगणं सोडलं. पण खोटं कशाला बोलू, माणूस चिकाटीचा होता. तसलंच एक छोटं इंजिन करायला घेतलं. सिलिंडर केला, फ्लायव्हील केलं, वर्षभर खपून. शेवटी क्रँकशाफ्ट राहिला. इंजिनातलं हेच अवघड काम. सरळ दांडा, पण मधेच त्याला कोपर काढायचं, आणि सगळं एकाच अखंड लोखंडातून. दांड्याच्या दोन्ही टोकांना सेंटर, म्हणजे लेथवर धरायचे खळगे, पाडतात; आधी दांडा मध्यापासून बाजूला पाडलेल्या सेंटरवर धरून ती कोपराची पिन कातायची. ती झाली की दांडा मधल्या, मूळ सेंटरवर घेऊन दोन्ही बाजू कातायच्या. मात्र त्याआधी पिनेजवळ पडलेल्या खाचेत लोखंडाचा एक तुकडा घट्ट बसवावा लागतो. नाही बसवला तर सेंटरच्या दाबाने दांडा मधे दबतो, वाकतो, कधी निसटून उडतो.

यांची पिन झाली, तीही सुरेख. महिना लागला. त्या रविवारी सकाळी यांचे दोन मित्र आले. हे त्यांना पडवीत घेऊन गेले. मी पोहे घेऊन गेले तेव्हा दांडा मूळ सेंटरवर चढलेला होता. खाच रिकामी होती. मला दारातूनच दिसलं.

एकाचा पोरगा माझ्याच वर्गात शिकलेला. ते म्हणाले, "वहिनी, तुमी तं टर्नरच्या मास्तरीण. बराबर आहे का हे?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "तिले काय इचारता? ती पोट्ट्याइले फळ्यावर शिकवे. लोखंडाले हात मी लावून राहिलो."

तिघंही हसले. मी प्लेटा ठेवल्या. "बराबर आहे," म्हटलं आणि आत गेले.

मित्र गेल्यावर दुपारी यांनी लेथ सुरू केला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी ताक घुसळत होते. आवाजावरून कळत होतं. आधी साफ, मग घरघर, मग हे दांड्याचं टोक दाबून धरणारा टेलस्टॉक आणखी आवळताहेत. तो दांडा उडाला तर तोंडावर येऊ शकतो, हे मला माहीत होतं. तीस वर्षं मी पोरांना हेच ओरडून सांगितलं होतं. मी रवी थांबवली नाही.

मोठा आवाज झाला. मी गेले तेव्हा दांडा जमिनीवर पडला होता, वाकलेला. यांच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं, आणखी काही नाही.

"काहून झालं असं?" यांनी विचारलं. हे मला आयुष्यात पहिल्यांदा कामाचं काही विचारत होते.

"मधात तुकडा नोता बसवला."

"तुले दिसलं होतं?"

"हो. सकाळीच."

"मंग बोलली काहून नाही?"

"मले कोण इचारते?"

हे पायरीवर बसले. अंगठा दुसऱ्या हातात धरून पायानेच तो दांडा जवळ ओढला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट वाटलं, एवढ्यानं काय होतं.

दुसऱ्या दिवशी मी पडवीत गेले, विचारलंही नाही. नवा दांडा कापला, खुणा केल्या, सेंटर पाडले. चार दिवसांत क्रँकशाफ्ट झाला. हे समोरच्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसत. पुढच्या रविवारी मित्र आले तेव्हा मी चहाच्या ट्रेमध्ये दोन्ही शाफ्ट ठेवून नेले. "हा यांचा," मी म्हटलं, "अन् हा माया. फळ्यावरचा."

कोणी हसलं नाही. एका मित्राने उगाच बशी उचलून परत ठेवली. यांनी माझा शाफ्ट हातात घेतला, दुखऱ्या अंगठ्याने पिनेवरून फिरवला आणि हळू म्हणाले, "चांगला झाला." मग उठून आत गेले. मित्रांनी अर्धा चहा तसाच टाकला. पुन्हा आले नाहीत.

इंजिन मीच जोडलं. ते चाललं तेव्हा मी यांना हाक मारली. "आइकू येऊन राह्यलं," आतून म्हणाले, पण आले नाहीत.

आता हे पडवीत पाऊल टाकत नाहीत. कुकरची रिंग बदलायची तर विचारतात. बल्ब लावला तर खाली उतरून माझ्या तोंडाकडे बघतात. भाजी आणली तर पिशवी उघडून समोर धरून उभे राहतात. मी मान हलवेपर्यंत तसेच. कधीकधी मी मुद्दाम वेळ लावते.

परवा लेकीचा फोन आला. "आई, बाबा असे काहून झाले गं? पहिले असे नव्हते."

"वय झालं," मी म्हटलं. तिला ते पटलं.