धुक्यात हाक न मारणारं गाव

वसंतकाका गेले तेव्हापासून सुमनमावशीने कुठेही जायचं बंद केलं होतं. मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. काकांच्या गाड्यांच्या कंपनीतल्या नोकरीमुळे तिचा सगळा संसार मिशिगनमधल्या ट्रॉयला झाला. आम्ही जर्सी सिटीला ये ये म्हणून थकलो, पण ती काही हलली नाही. म्हणूनच मागच्या ऑक्टोबरमध्ये तिने स्वतः फोन करून विचारलं, "केतू, मला ते हंसांचं गाव बघायचंय. तू ड्राइव्ह करशील?" तेव्हा मी कॅलेंडर न बघताच हो म्हटलं.

काकांना पक्ष्यांचं वेड होतं. मेरीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, चेसापीक उपसागराला लागून, इंग्लंडमधून आलेल्या लोकांनी वसवलेलं एक खेडं आहे. कॅनडाच्याही पलीकडून येणारे हंस तिथे हिवाळ्यात उतरतात. काका अधूनमधून एकटेच तिकडे जात. "पुढच्या वेळी दोघं जाऊ," हे दर वेळी ठरायचं आणि राहून जायचं. गावाचं खरं नाव लिहू नको, असं तिथल्या आमच्या यजमानीणबाईंनी सांगितलंय. म्हणून इथे आपण त्याला थॉर्नवेल म्हणू.

मावशी विमानाने माझ्याकडे आली आणि नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी आम्ही जर्सी सिटीहून निघालो. आयसेलिनला, म्हणजे वाटेवरच्या आपल्या लोकांच्या गावात, इडली-चहा घेतला, वाटेसाठी पराठे बांधून घेतले. टर्नपाइक, डेलावेअरचा मोठा पूल आणि मग दक्षिणेकडे. टोल बरेच लागतात, पण रस्ता उत्तम आहे. मावशी शाकाहारी आहे. तुमच्याबरोबरही कोणी शाकाहारी असेल तर खाणं सोबत घ्याच, कारण पुढे खेकडे, कालवं आणि मासे यांपलीकडे फारसं काही मिळत नाही. केंब्रिज नावाचं गाव शेवटचं मोठं. पेट्रोल, औषधं, दूध, जे काही हवं ते तिथेच घ्यायचं.

केंब्रिज सोडलं आणि आमच्या गप्पा हळूहळू थांबल्या. दोन्ही बाजूंना पाइनचं रान होतं, पण सगळं मेलेलं. पानं नाहीत, साल नाही, हाडांसारखी पांढरी खोडं तेवढी उभी. समुद्राचं पाणी दर वर्षी थोडं आणखी आत येतं, खार मुळांपर्यंत पोचतो आणि झाडं उभ्या उभ्या मरतात, हे मी आधी वाचलं होतं. पण काचेपलीकडे मैलोन् मैल तेच बघताना त्या माहितीचा काही उपयोग होत नव्हता.

"काकांनी हे कधी सांगितलं नव्हतं," मावशी म्हणाली.

थॉर्नवेलला जायला एकच रस्ता आहे, दलदलीतून जाणारा. भरतीला तो पाण्याखाली जातो. कडेला पांढरे खांब रोवलेत, त्यांच्या मधून गाडी न्यायची. जाण्याआधी भरतीची वेळ नक्की बघा आणि घरी परतल्यावर गाडी खालून धुऊन घ्या, खारं पाणी वाईट. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी होती. तरी खांबांवर हिरव्या शेवाळाचा पट्टा माझ्या कमरेइतक्या उंचीवर होता.

गाव म्हणजे विटांचं छोटं चर्च, लाकडी धक्का, दोन-चार मासेमारीच्या होड्या आणि घरांची एक रांग. त्यातली निम्मी घरं रिकामी. रिकाम्या घरांतही पडदे लावलेले होते, एका ओसरीवर खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवलेली होती. चर्चमागचं दफनस्थान पार पाण्याच्या काठाला आलंय. थडग्यांचे दगड पाण्याकडे कललेत. दगडांवरची नावं सगळी इंग्लिश, आणि तीन-चार आडनावंच पुन्हा पुन्हा.

आम्ही उतरलो त्या घराच्या मालकीणबाई रूथ. सत्तरी ओलांडलेल्या, विधवा, नवरा खेकडे पकडायचा. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. भाडं केंब्रिजच्या मोटेलपेक्षाही कमी आणि त्यात भरपेट नाश्ता. त्यांचं इंग्रजी अमेरिकन वाटत नव्हतं, जुन्या वळणाचं, शब्द लांबवणारं होतं. मावशीने काकांचा फोटो दाखवला तर त्यांनी लगेच ओळखलं.

"दुर्बीणवाला डॉन! हे हल्ली आले नाहीत?"

काकांचं आडनाव दांडेकर, त्याचं इथे डॉन झालं होतं. मावशीने सांगितल्यावर रूथबाई तिच्याजवळ बसल्या आणि बराच वेळ तिचा हात धरून राहिल्या. गेल्या कित्येक महिन्यांत मावशी पहिल्यांदाच कोणासमोर रडली. मला वाटलं, चला, येण्याचं सार्थक झालं.

संध्याकाळी धक्क्यावरून हंस पाहिले. शेकडो हंस पाण्यावर पसरलेले. ते ओरडत नाहीत, पुटपुटतात. शेजारच्या खोलीत खूप माणसं हलक्या आवाजात बोलत असावीत, शब्द कळू नयेत पण बोलणं आपल्याबद्दलच आहे असं वाटावं, तसा तो आवाज. जेवताना, झोपताना, खिडकी बंद केली तरी तो येत होता.

सकाळी जागी झाले तेव्हा शेजारचा पलंग रिकामा होता. मावशीचे बूट, कोट आणि काकांची दुर्बीण, काहीच जागेवर नव्हतं. खिडकीबाहेर समोरचं घरसुद्धा दिसत नव्हतं इतकं धुकं.

मी स्वेटर चढवून खाली धावले. ओसरीच्या पायऱ्यांशी पाणी आलं होतं. भरती होती. रस्ता कुठे संपतो आणि दलदल कुठे सुरू होते हे कळायला काही मार्ग नव्हता. मी जोरात हाक मारली, "मावशी!" पुन्हा मारली. माझाच आवाज दुसऱ्या बाजूने, थोडा उशिरा, परत आला.

मागून कोणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. रूथबाई होत्या, गाउनवर रबरी बूट चढवलेल्या.

"हाक मारू नकोस. पाण्यावर आवाज फिरतो. तिला वाटेल तू तिकडे आहेस, आणि ती तिकडे जाईल."

त्यांनी ओसरीच्या खांबावरच्या पितळी घंटेची दोरी धरली. एक ठोका. थांबा. पुन्हा एक. चेहऱ्यावर घाई नव्हती.

"धुक्यात आम्ही कोणाचं नाव घेत नाही, फक्त घंटा वाजवतो," त्या म्हणाल्या. "माझा दीर असाच बायकोच्या हाकेकडे चालत गेला. धक्क्यावरच्या लोकांना तो 'आलो, आलो' म्हणताना ऐकू आला."

"आणि त्याची बायको?"

"ती घरात होती. तिने हाक मारलीच नव्हती."

त्यांनी पुन्हा दोरी ओढली. मी पायरीवर उभी राहून पांढऱ्या भिंतीकडे बघत होते. हंसांचं पुटपुटणं थांबलं होतं. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच, घंटेच्या दोन ठोक्यांच्या मध्ये, मी पूर्ण शांतता ऐकली, आणि ती मला मुळीच नको होती. मोबाइलला रेंज नव्हती. घंटा वाजत राहिली.

मग पाण्यातून पावलं ओढल्याचा आवाज आला, आणि धुक्यातून मावशी बाहेर पडली. मांड्यांपर्यंत भिजलेली, दुर्बीण छातीशी धरलेली. मी तिला मिठी मारली तर ती बर्फासारखी गार लागली.

आत चुलीपाशी कांबळ्यात गुंडाळून बसवल्यावर ती म्हणाली, "मला कोणीतरी हाक मारली."

"अगं मीच मारली ना."

"तू 'मावशी' म्हणालीस. ते ऐकलं मी. त्यानंतर कोणीतरी 'सुमन' म्हणालं. दोनदा. इतकं स्पष्ट, की मी तिकडेच चालायला लागले." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. तिकडे घर नव्हतं, रस्ता नव्हता, उघडा उपसागर होता.

आमचं मराठी रूथबाईंना कळायचं कारण नव्हतं. पण मावशीचं बोट पाहिल्यावर त्या उठल्या आणि त्यांनी त्या खिडकीचा पडदा ओढून घेतला.

पाणी ओसरताच आम्ही निघालो. दुसरा मुक्काम कॅन्सल केला. रूथबाईंनी त्याचे पैसे घेतले नाहीत. गाडीत मावशी बाहेर बघत होती आणि मी मनाशी समजूत काढत होते. धुकं, थंडी, नवऱ्याची आठवण; माणसाला हवा तोच आवाज ऐकू येतो. काकांची हाक होती ती, दुसरं काय. थोडं भीतीदायक, पण थोडं सुंदरही. आठवड्याभराने ती ट्रॉयला परत गेली तेव्हा माझी हीच गोष्ट पक्की झाली होती. लोकांना मी तशीच सांगितलीही.

थॉर्नवेलला जा, असंच मी सांगेन. रूथबाईंसारखी माणसं आता फार उरलेली नाहीत, आणि ते गावही फार काळ उरणार नाही. नोव्हेंबरचा शेवट उत्तम. धुकं असेल तर मात्र घरात बसा.

हा लेख टाकण्याआधी मी मावशीला फोनवर वाचून दाखवला. काकांची हाक, इथवर आल्यावर तिने मला थांबवलं.

"ते बदल," ती म्हणाली. "ते नव्हते."

"कशावरून?"

"लग्न झाल्यापासून ते मला 'अगं' म्हणायचे. नावाने एकदाही हाक मारली नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलं तेव्हा मला ते आठवलं, आणि मी मागे वळले."

"घंटा ऐकून नाही वळलीस?" मी विचारलं.

"घंटा तर मला त्यानंतर ऐकू आली," ती म्हणाली.