फळ्यावरची यादी

मी बारावी झाले त्या वर्षी आमच्या चर्चचं छप्पर गळायला लागलं. म्हणजे आधीही गळत होतं, पण त्या जुलैत उपासना चालू असताना बाकांच्या मध्ये तीन बादल्या ठेवाव्या लागल्या. परदेशातून येणारी मदत केव्हाच बंद झाली होती. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून सांगितलं, "प्रत्येक घराने आपल्या देण्याचा प्रार्थनापूर्वक पुनर्विचार करावा." मग घरटी एकेक कार्ड वाटलं. एका बाजूला गेल्या वर्षीचा आकडा टाइप केलेला, दुसऱ्या बाजूला रिकामी ओळ.

माझे वडील सुतार. पावसाळ्यात मच्छीमारांच्या लाँची किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की त्यांना बंदरावर काम मिळे. उरलेलं वर्ष दारं-खिडक्यांवर निघे. आमच्या कार्डावर महिना दहा रुपये होते. मला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. अनामत, गणवेश, पुस्तकं यांसाठी आईने दोन वर्षं पोस्टात सहाशे रुपये साठवले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात हजर व्हायचं होतं.

कार्डं वाटल्यावर चार दिवसांनी पाळकसाहेब आणि मंडळीचे खजिनदार आमच्याकडे आले. खजिनदार निवृत्त हेडमास्तर, अख्खी मंडळी त्यांना मास्तरच म्हणे. आईने कोरा चहा केला. मास्तरांनी कार्ड मागितलं. ओळ रिकामीच होती.

"यंदा बंदरावर मजुरी वाढलीय म्हणतात," मास्तर म्हणाले.

बाबा म्हणाले, "वाढलीय थोडी. मी काय म्हणतो मास्तर, पाऊस संपला की छपराचे वासे मी बदलून देतो. लाकूड तेवढं आणा. मजुरी नको मला."

"ते तुमचं प्रेम आहे. पण कार्डावर आकडा लागतो. आणि काम कंत्राटदाराला द्यायचं ठरलंय, म्हणजे हिशेब स्वच्छ राहतो."

आई दारातूनच म्हणाली, "पोरीचं नर्सिंगचं आहे यंदा."

"देणाऱ्याला देव उणं पडू देत नाही, बाई," मास्तर म्हणाले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. प्रार्थनेत माझ्या शिक्षणाचाही उल्लेख केला.

पुढच्या रविवारी चर्चच्या दाराशी फळ्यावर यादी लागली. घरांची नावं, पुढे वचन दिलेली रक्कम. सगळ्यात वर मास्तर. सगळ्यात खाली आम्ही, आणि आमच्यापुढे आकड्याऐवजी लिहिलं होतं, 'विचाराधीन'. उपासना सुटल्यावर लोक छत्र्या उघडायच्या निमित्ताने तिथे थांबत आणि वाचत. बाबांनी चप्पल घातली आणि आमची वाट न बघता पुढे निघून गेले.

मंगळवारी ते बंदरावर गेलेच नाहीत. दुपारी पोस्टाचं पासबुक आईच्या पुढ्यात ठेवलं. त्यात व्याजाचे पाच रुपये तेवढे शिल्लक होते, खातं चालू राहावं म्हणून ठेवलेले.

आई किंचाळली नाही. तिने फक्त विचारलं, "सगळे?"

"पावती दिलीय मास्तरांनी."

मी म्हटलं, "बाबा, माझी सीट?"

"पुढच्या वर्षी गो. वर्ष काय, बघता बघता जाईल."

"आणि मिळाली नाही तर?"

कुणाकडे उसने मागायचे तर वेळ नव्हता, आणि बाबांनी आईला मागूही दिले नाहीत. रविवारी आमच्या नावापुढे सहाशेचा आकडा आला. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून नाव न घेता एका कष्टकरी कुटुंबाचं उदाहरण दिलं. सगळ्यांनी वळून आमच्याकडे पाहिलं. बाबा मान खाली घालून बसले होते. लोकांना ती नम्रता वाटली असेल.

पुढच्या वर्षी अर्ज जास्त होते आणि मार्कांची अट वाढली. माझे मार्क त्यात बसले नाहीत. तोवर मी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात केसपेपर काढणं, बँडेज गुंडाळणं, सुया उकळणं असली कामं करायला लागले होते. डॉक्टर चांगले होते. रोगी मला सिस्टर म्हणत, आणि प्रत्येक वेळी मला वाटे, कुणीतरी मागून येऊन सांगेल की ही सिस्टर नाही.

दिवाळीनंतर छप्पर झालं. उत्तम झालं. कुणी पैसा खाल्ला असता तर मला बरं वाटलं असतं. निदान शिव्या द्यायला माणूस मिळाला असता. पण पैशापैशाचा हिशेब फळ्यावर लागला. मास्तरांनी तर बायकोच्या बांगड्या मोडून आपलं वचन पुरं केल्याचं नंतर कळलं. ते लबाड नव्हते. इतरांकडून मागत होते ते स्वतः आधी देत होते. म्हणूनच त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. मला त्यांचा अजून राग आहे, आणि तो राग कुठे ठेवायचा ते मला कळत नाही.

चार-पाच वर्षांनी बाबांना दमा धरला. काम सुटलं. एका संध्याकाळी मी त्यांना औषध देत होते, तेव्हा ते आपणहून म्हणाले, "मी ते देवाला दिले नव्हते गो."

"काय?"

"ते सहाशे. देवाने मागितलेच नव्हते माझ्याकडे. लोक वाचतात ते सहन झालं नाही मला." थोडा दम घेऊन म्हणाले, "तुझं नुकसान केलं मी."

ते माझ्याकडे बघत राहिले. काय ऐकायचं होतं त्यांना, ते मला समजत होतं. दोन शब्दांचं काम होतं. मी चमचा धुतला, बाटलीचं बूच घट्ट लावलं, आणि म्हटलं, "पडा आता. बोललात की खोकला येतो."

बाबा भिंतीकडे वळून झोपले. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही, आणि तसेच ते गेले.