गूळ खालच्या वाडीचा, पाणी वरच्या वाडीचं

लालबागच्या त्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर सातकोंडवाल्यांची खोली होती. खोली कुणा एकाची नव्हे, अख्ख्या गावाची. सातकोंडचा जो माणूस मिलमध्ये लागेल त्याने भिंतीला आपली ट्रंक लावायची, खानावळीत जेवायचं आणि आपली पाळी नसेल तेव्हा येऊन झोपायचं. दगडू परबची ट्रंक दाराजवळ होती आणि तिला चिकटून गुणाजी घाडीची. दोघं एकाच मिलमध्ये मागावर. तंबाखूची चंची दोघांत एक, आणि चुना कुणी संपवला यावरून रोजचं भांडण.

आता दगडू वरच्या वाडीचा आणि गुणाजी खालच्या वाडीचा. मुंबईत त्याला कोण विचारतो? पण गावाकडे तसं नव्हतं. तिकडे या दोन वाड्या एकमेकींच्या लग्नाला हौसेने जात आणि मान आधी कुणाचा यावरून जेवायच्या आधीच उठून येत. एकदा तर पालखी आधी कुठल्या अंगणात टेकवायची यावर इतका वाद रंगला, की भोई कंटाळले आणि देवाला सड्यावरच्या उघड्या कातळावर ठेवून घरी जेवायला गेले. देव बिचारा दुपारभर उन्हात. असं ते गाव.

ब्याऐंशीत संप झाला आणि खोली हळूहळू रिकामी होत गेली. निम्मे लोक गावी गेले, ते परत आलेच नाहीत. गुणाजीने चाळीच्या तोंडाशी नारळाची हातगाडी लावली. कुणी विचारलं, तर म्हणायचा, "तात्पुरती लावलंय. संप अजून खय मागे घेतलो हा कोणी?" दगडूला परळच्या एका इस्पितळात बदली वॉर्डबॉय म्हणून घेतलं. मागाच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, त्याला हळू बोलता येत नसे. पेशंटला स्ट्रेचरवरून नेताना दगडू त्याची चौकशी करी आणि ती मजल्याभर ऐकू जाई. सगळे त्याला मामा म्हणत. इस्पितळात प्रत्येक वॉर्डबॉय मामाच असतो म्हणा, पण दगडूला ते मनापासून आवडायचं.

तिथेच त्याला मृणालिनी भेटली. गिरगावात फणसवाडीला राहणारी, नुकती डॉक्टर झालेली, पाठ ताठ आणि बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. एक दिवस ती जिन्यात थांबून म्हणाली, "दगडूमामा, मला एक वर्ष गावात काम करायचंय. सरकारी दवाखान्यात. नेमणूक आलीय. सातकोंड म्हणून गाव आहे, तुम्हाला माहितीय का?"

दगडूने हातातलं ऑक्सिजनचं नळकांडं भिंतीला टेकवला आणि जिन्यावर बसकण मारली.

सातकोंडच्या दवाखान्यात डॉक्टर टिकत नाही, हे त्या तालुक्यात सगळ्यांना ठाऊक. एक आला तो महिनाभर राहिला. दुसरा ज्या एसटीने आला, तिच्या ड्रायव्हरने चहा पिऊन गाडी वळवेपर्यंत गावात होता, मग त्याच गाडीत चढला. माणूस आजारी पडला की त्याला डोलीत घालून खाडीपर्यंत न्यायचं, पुढे होडी. दगडूचे वडील त्या होडीतच गेले होते. तेव्हा ही मुलगी आता टिकली पाहिजे, आणि तिला टिकवणं आपलं काम आहे, हे दगडूने त्या जिन्यातच ठरवलं.

रविवारी त्याने तिला खोलीवर बोलावलं. खोली झाडून घेतली, ट्रंका ओळीने लावल्या आणि उरलेल्या पाचसहा जणांना त्यांच्यावर पेशंट म्हणून बसवलं. गुणाजी पहिला. गाडी बंद ठेवून आला होता, वर स्वच्छ टोपी घातलेली.

"काय होतंय तुम्हाला?" मृणालिनीने विचारलं.

"काय नाय," गुणाजी म्हणाला.

"मग आलात कशाला?"

"वाटेत होतंय, म्हटला डोकावून जाव."

मृणालिनीने दगडूकडे पाहिलं. दगडू खूश झाला. "हे असंच बोलणार, डॉक्टरीणबाई. आपल्याला काय होतंय ते पहिल्या दमात सांगणं म्हणजे आमच्याकडे उतावळेपणा. तुम्ही आधी त्याच्या म्हशीचं विचारा."

"म्हैस कशी आहे?"

"म्हस बरी असा," गुणाजी म्हणाला. "दूध देता. माका मात्र चार दिस झाले, आंगात कसकस, रातचो घाम."

सगळी खोली हसली, मृणालिनीही. पण हसून झाल्यावर तिने घाम कधी येतो, खोकला आहे का, वजन उतरलं का, असं एकेक विचारायला घेतलं. गुणाजी नाटक विसरून खरीच उत्तरं द्यायला लागला, आणि दोन दिवसांनी इस्पितळात जाऊन छातीचा फोटो काढून आला. फोटो चांगला निघाला, ही गोष्ट वेगळी. दोनतीन रविवार हे चाललं. सासू बरोबर असली की सून बोलत नाही, तेव्हा सासूला आधी तपासायचं आणि मग पाणी आणायला बाहेर पाठवायचं. एका हाताला गंडा बांधलेला असला तर तो सोडायला लावायचं नाही, दुसऱ्या हाताला सुई द्यायची. प्रत्येकाने आपापली अक्कल पाजळली. तिने त्यातलं काही घेतलं, काही हसून सोडून दिलं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीनंतर दगडू रजा काढून स्वतः तिला पोचवायला गेला. आणि सगळी शिकवणी करून झाल्यावर, शेवटी गडी कुठे चुकला बघा.

एसटी पोचली ती दुपारी. दवाखाना गावाच्या मधोमध, दोन्ही वाड्यांना सारखा. पण दगडूला वाटलं, लांबून आलेली मुलगी, उपाशी आहे, चार पावलांवर आपलं घर आहे. त्याने तिला घरी नेलं. त्याच्या बायकोने, मालनने, पायांवर पाणी घातलं, चहा दिला, घावने वाढले, खणानारळाने ओटी भरली. वरच्या वाडीची पोरं जमली, कुणीतरी ढोल काढला. आणि अशी वाजतगाजत, कपाळाला कुंकू आणि पदरात नारळ घेऊन, डॉक्टरीण वरच्या वाडीतून दवाखान्यात आली. दगडू पुढे, तिची बॅग डोक्यावर. इतका आनंद त्याला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता.

तो मुंबईला परतला आणि ज्याला त्याला ही हकीकत सांगत सुटला. खोलीत गुणाजीने ऐकून घेतली, पण तंबाखू मळता मळता त्याचा हात थांबला होता. त्या दिवसापासून तो चंची वेगळी ठेवायला लागला. दगडूला वाटलं, चुन्यावरून रागावला असेल.

महिना गेला, दुसरा सरत आला. एका सकाळी दगडू वॉर्डात चादरी बदलत होता, तर दारात मृणालिनी. उन्हाने काळवंडलेली, चेहरा उतरलेला.

"बदली मागायला आलेय," ती म्हणाली. "इथल्या थोरल्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर विचार कर, मग अर्ज दे. पण मामा, विचार करून झालाय. मला जमत नाहीये."

"काय जमत नाही?"

"निम्मं गाव येतच नाही माझ्याकडे. मी म्हशींची चौकशी करते, सासवांना तपासते, तुम्ही सांगितलंत ते सगळं करते. वरून येतात माणसं. खालून कोणी नाही. मी विहिरीवर गेले, बायका हंडे उचलून निघून गेल्या. एक मुलगी आहे, गुणवंती. आठवा महिना आहे, पाय सुजलेत, तोंडही सुजलंय. मला लांबून दिसतं ते. रक्तदाब नक्की वाढलाय. मी म्हटलं, ये, नुसता हात बघते. तिने पदर पुढे ओढला आणि गेली. उद्या तिला झटके आले तर मी काय करू? माझ्यावर लोकांचा विश्वास बसत नसेल तर दुसऱ्या कुणाला पाठवा. ती तरी वाचेल."

दगडूने हातातली चादर खाली ठेवली. गुणवंती म्हणजे गुणाजीची सून. खालून कोणी नाही, म्हणजे खालच्या वाडीतून. मग ढोल, ओटी, घावने, एसटी, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून उलट्या क्रमाने गेलं.

"डॉक्टरीणबाई," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याचा आवाज शेजारच्या खाटेलाही ऐकू गेला नाही, "तुम्ही नाही हो चुकलात. मी तुम्हाला चहा पाजला."

तिला काही कळलं नाही. तेव्हा त्याने दोन वाड्यांची सगळी कथा सांगितली, पालखीसकट. तिने हातातली बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, "एका चहावरून?"

"पहिल्या चहावरून."

"मग हे तुम्ही रविवारी का नाही शिकवलंत?"

दगडूने खाली ठेवलेली चादर परत उचलली. जे रक्तातच असतं ते शिकवायचं असतं, हे माणसाच्या लक्षात येत नाही.

पाळी सुटल्यावर तो थेट गुणाजीच्या गाडीवर गेला. गुणाजी नारळ सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"गुणाजी, तुझ्या सुनेचे पाय सुजलेहत. डॉक्टरीण म्हणता, लक्षण बरा नाय."

गुणाजीचा हात थांबला, मग परत चालायला लागला. "तुमची डॉक्टरीण," तो म्हणाला. "तुमच्या वाडीक औषध देवंदे."

"मेल्या, ती सगळ्या गावाची."

"सगळ्या गावाची?" आता मात्र गुणाजीने कोयता खाली ठेवला. "दगडू, तीन रविवार गाडी बंद ठेवून मी तुझ्या ट्रंकेवर बसलंय. तिच्यासाठी ताप काढलंय, खोकलो काढलंय. आजारी पडूक मी, आणि ओटी भरूक तुझी बायल?"

दगडूला हसू येत होतं आणि रडूही. त्याने शेंड्यांच्या ढिगावर बैठक मारली. "चुकलंय रे," तो म्हणाला.

गुणाजीने तंबाखूची चंची काढली आणि एकट्यापुरती मळली. मग म्हणाला, "मी सांगान पोराक, गुणवंतीक घेवन जा म्हणून. पण माझो बापूस जावक देवचो नाय. म्हाताऱ्यान वाडीक सांगलेला हा, वरच्यांच्या डॉक्टरणीची पायरी चढूची नाय. त्याचो शब्द मी हयसून कसो मोडू? तेका मोडूक वाट तरी व्हयी."

म्हणजे अडलं होतं ते इथे. म्हाताऱ्याची मान खाली जाऊ नये आणि सुनेचा जीवही जाऊ नये. दगडू विचार करत बसला. समोरून बस गेली, गिऱ्हाईक आलं, नारळ वाजवून बघून न घेताच गेलं.

"गुणाजी," दगडू एकदम म्हणाला, "डॉक्टरीण गाव सोडून इली हा."

"मगे?"

"बॅग घेवन इली हा. म्हणजे गेली ती. आता जाईत ती नव्यानच जाईत. पयल्या येण्याचो मान तेव्हाच संपलो."

गुणाजीने यावर तोंडातली तंबाखू या गालातून त्या गालात नेली. पटलं होतं. "मग यावेळी पयलो चाय आमच्याकडे," तो म्हणाला.

"मग वरची वाडी बसात रुसून. तोच खेळ उलटो."

"खरा ता."

मग दोघांनी मिळून तोड काढली. डॉक्टरीण एसटीतून उतरून कुठेही न थांबता दवाखान्याच्या ओट्यावर जाईल. चहा नाही, घावने नाहीत. नुसतं गूळपाणी, उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं. गूळ एका वाडीने आणायचा, पाणी दुसरीने.

"गूळ कोणाचो?" गुणाजीने विचारलं.

दगडूला प्रश्नाची खोच कळत होती. गूळ आधी तोंडात जातो, पाणी मागाहून. पिढ्यान्‌पिढ्या वरच्या वाडीने जे सोडलं नव्हतं, ते आता त्याला नारळाच्या शेंड्यांवर बसून सोडायचं होतं. मालन काय म्हणेल, भाऊ काय म्हणेल, सगळं त्याला ऐकू आलं.

"गूळ तुमचो," तो म्हणाला. "पाणी आमचा. आणि पोचवूकय तूच जा. मी इलंय तर माझो पाय वळात घराकडे."

गुणाजीने चंची त्याच्यापुढे धरली. त्यात चुना नव्हताच, पण ते कुणी काढलं नाही.

मृणालिनीला दगडूने दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हे मला कुठल्याच पुस्तकात दिलं नाही." अर्ज मात्र तिने दिला नाही. दोघांनी आपापल्या घरी निरोप धाडले, आणि गुणाजीबरोबर ती त्याच आठवड्यात परत गेली. दगडू परळला चादरी बदलत राहिला, आणि ज्या दुपारी एसटी पोचायची, त्या दुपारी त्याने एकाच खाटेची चादर दोनदा बदलली.

गुणाजी परतला तेव्हा खोलीच्या दारातच दगडूने त्याला अडवला.

"सांग."

"पाणी तरी पिवक दी."

"आधी सांग."

गुणाजीचा म्हातारा बाप स्वतः वाटीत गूळ घेऊन ओट्यावर उभा होता, नवं धोतर नेसून. मालन तांब्या घेऊन दोन पावलं मागे. चेहरा तिचा फुगलेला, पण तांब्या घासून लख्ख. डॉक्टरणीने गूळ खाल्ला, पाणी प्यायली, म्हाताऱ्याला म्हशीचं विचारलं. म्हातारा म्हणाला, म्हस बरी आहे, माझा गुडघा दुखतो. गुडघा दाखवायला म्हणून तो आत गेला, आणि त्याच्या मागोमाग सगळी खालची वाडी. गुणवंती त्या रांगेत होती. रक्तदाब खरंच वाढलेला निघाला. डॉक्टरणीने गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, आणि चार दिवस समोर ठेवून मग जिल्ह्याच्या इस्पितळात स्वतः बरोबर नेऊन सोडलं. पुढे मुलगी झाली. बाळबाळंतीण दोघी सुखरूप.

"बायल काय म्हणाली माझी?" दगडूने विचारलं.

"म्हणाली, गावाक येव नको इतक्यात."

मृणालिनीने वर्ष पुरं केलं. निघायच्या वेळी तिच्या जागी हेरंब म्हणून दादरचा एक मुलगा नेमला गेला. तिनेच त्याला लालबागला आणलं. खोलीत पुन्हा ट्रंका ओळीने लागल्या, गुणाजी पुन्हा आजारी पडला. औषधं कुठली संपतात, साप चावला तर पहिल्यांदा काय करायचं, अडलं तर कुणाला फोन लावायचा, हे मृणालिनीने शिकवलं. उरलेलं दगडूने.

हेरंबला सातकोंडला पोचवायला यावेळी कुणीच गेलं नाही, दोघांनी तसंच ठरवलं होतं. पोरगा सकाळपासून उपाशी होता. एसटी स्टँडवर गरम वडे तळले जात होते. तो टपरीपाशी गेला, सुट्टे काढले, आणि मग त्याने टपरीवाल्याला विचारलं, "तुम्ही कुठल्या वाडीचे?"

"वरच्या," टपरीवाला म्हणाला.

हेरंबने सुट्टे खिशात टाकले आणि दवाखान्याची वाट धरली. ओट्यावर गूळ घेऊन माणसं उभी होती.