आष्टीकरकाकूंचा रेड ऑक्साइड

आष्टीकरकाकूंच्या घरात जिलेबी कधी झाली नाही. काकांना साखर चालत नव्हती आणि काकूंना तळणाचा कंटाळा होता. तरी महिन्याला जिलेबीत घालायच्या खायच्या रंगाच्या दोन डब्या त्या घरात जायच्या, थंडीत चार. टाउनशिपच्या मार्केटमधल्या किराणावाल्याला एकदा राहवलं नाही. "माताजी, इतनी जलेबी आपके यहाँ खाता कौन है?" त्यानं विचारलं. काकू पिशवीत डब्या टाकत शांतपणे म्हणाल्या, "भेड़." त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

मी तेव्हा त्यांच्या मागे साबण घ्यायला उभी होते. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. बोटं नखांपर्यंत केशरी. "तूच ना शेजारच्या क्वार्टरमध्ये आली ती? चेहरा पाहून वाटून राहिलं, महिनाभर झोपली नाहीस तू."

खरंच झोपले नव्हते. माझी नोकरी शहरात, टी. टी. नगरच्या सरकारी कचेरीत, नवऱ्याची इथल्या कारखान्यात, म्हणून घर इथं. रोज मिनीबसमध्ये लोंबकळत जायचं, लोंबकळत यायचं. घरी सासूबाई आणि दोन मुलं. मी स्वभावानंच जरा चिडकी, त्यात भोपाळचं ऊन. ओळख नसताना कुणी झोपेबद्दल बोललं तर एरवी मी फटकन बोलले असते. पण त्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं माझ्यापेक्षा मोठी होती, म्हणून गप्प बसले.

काकू मूळच्या वर्ध्याकडच्या. तीस वर्षं भोपाळात काढून त्यांची मराठी अर्धी हिंदी झाली होती. काका कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये इन्स्पेक्टर होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. टाउनशिपमधली क्वार्टर्स तेव्हा एकेक करून रिकामी पडायला लागली होती, त्यामुळे निवृत्तांनाही भाड्यानं राहू देत. मी शेजारी आले तेव्हा काका अंथरुणाला खिळून सहावं वर्ष चाललं होतं. दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चमच्यानं भरवायचं. काकू घराबाहेर पडत त्या फक्त किराण्यापुरत्या.

लोकर रंगवायचं वेड त्यातूनच आलं. "विणायला बाहेर जावं नाही लागत, अन् रंगाला सिनेमासारखं तीन तास बसावं नाही लागत. पातेलं चढवायचं, यांना वळवायचं, परत येऊन पाहायचं." रंगीत लोकर आणायची तर मार्केटभर फिरून छटा जुळवा, ते कोण करणार? त्यापेक्षा पांढरी आणावी आणि हवी तशी घरी रंगवावी. ती पांढरी आणायचं काम कधी माझ्याकडे आलं ते मला आठवत नाही. माझ्या कचेरीजवळ खादीचं एक दुकान होतं, तिथली.

पद्धत साधी होती. लोकरीची लड कोमट पाण्यात सिरका, म्हणजे व्हिनेगर, घालून भिजवायची. मोठ्या पातेल्यात खायचा रंग विरघळवायचा, लड अलगद सोडायची आणि मंद आचेवर ठेवून द्यायची. मी पहिल्यांदा बघायला गेले आणि सवयीनं पळी उचलली, तर काकूंनी माझा हात धरला. "लोकरीला अन् नवऱ्याला ढवळू नये. गुंता होते." मग हळूहळू जे होई ते मी पुढे शंभरदा पाहिलं, तरी प्रत्येक वेळी थांबून पाहिलं. लड गडद होत जाई आणि पाणी फिकं. शेवटी पातेल्यातलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं स्वच्छ दिसे. सगळा रंग लोकरीत. "पाणी निवळलं की समजावं, झालं," काकू म्हणत आणि तिथंच स्टुलावर भिंतीला टेकून पाच मिनिटं डोळे मिटत. दिवसभरातली त्यांची विश्रांती म्हणाल तर तेवढीच.

हे मात्र अस्सल लोकरीचंच. बाजारात लोकर म्हणून दुसरंच काही विकतात, ते खायचा रंग पीत नाही. म्हणून नवी लोकर आली की काकू एक धागा तोडून गॅसवर धरत. जळक्या केसांचा वास आला की खरी. वितळून टोकाला गोळी झाली की खोटी.

रंगवलेली लड मागच्या व्हरांड्यात वाळली की खरा कार्यक्रम सुरू होई. काकू ती घेऊन काकांच्या खाटेशी जात आणि खिडकीच्या उजेडात धरत. "अहो, इन्स्पेक्शन." काका बघत. बराच वेळ बघत. मग त्यांचा डावा हात चादरीवरून उठे. अंगठा वर केला तर पास. तर्जनी आडवी हलवली तर नापास. पहिल्या खेपेला त्यांनी कधी काही पास केल्याचं मला आठवत नाही. कुठे डाग, कुठे एक टोक फिकं. तर्जनी हलली की काकू चरफडत. "झालं! शॉपमध्येही असंच करत होते. पोरं शिव्या देत होती यांना." आणि लड पुन्हा पातेल्यात.

त्यातही एका रंगावर दोघांचं जमता जमत नव्हतं. काकूंना काकांसाठी स्वेटर विणायचा होता आणि तो रेड ऑक्साइडच्या रंगाचा. लोखंडावर पहिला हात मारतात तो, भाजलेल्या विटेसारखा तांबूस रंग. टाउनशिपमधली फाटकं आणि खिडक्यांचे गज त्याच रंगाचे होते. काकांची सगळी नोकरी त्या रंगापुढे गेली, म्हणून काकूंनी हे मनात घेतलं होतं. जिलेबीचा केशरी, त्यात तांबडा, त्यात हिरव्याचा नखभर कण. तीन हिवाळे झाले, काका तर्जनी हलवतच होते. लड वारंवार रंगवून काळपट झाली की काकू तिचे पायमोजे विणत. माझ्या घरातला प्रत्येक माणूस रेड ऑक्साइडचे नापास पायमोजे घालायचा.

एकदा मी वैतागून म्हटलं, "काकू, त्यांना विचारताच कशाला? विणून टाका ना. किती थकता तुम्ही!"

काकू काकांचं पांघरूण नीट करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मंदा, डॉक्टर म्हणते, आता यांना किती समजतं सांगता येत नाही. दुसरं काहीच उरलं नाही गं माझ्यापाशी पाहायला. बोटानं 'नाही' म्हणून राहिले तोवर आहेत. आतमध्ये आहेत."



चौथ्या हिवाळ्यात काकांना लहानसा दुसरा झटका येऊन गेला. दवाखान्यातून परतले ते आधीसारखेच दिसत होते, फक्त झोपत जास्त. पंधरा दिवसांनी काकू म्हणाल्या, "लोकर आण गं. पाहू यंदा." त्या दिवशी कचेरीत उशीर झाला, खादीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं, आणि माझे पाय दुखत होते. कोपऱ्यावरच्या हातगाडीवर पांढरी लोकर दिसली. "प्युअर वूल है, दीदी. भगवान कसम." मला देवाच्या शपथेपेक्षा मिनीबसची काळजी जास्त होती. घेतली.

काकूंनी धागा जाळून पाहिला नाही. "तू आणली म्हणजे पाहायचं काय," म्हणाल्या. हे वाक्य मला अजून टोचतं.

रविवार होता. पातेलं दोन तास गॅसवर होतं. मी तीनदा डोकावले, पाणी जसंच्या तसं लालभडक. काकूंनी लड उचलली तर ती पांढरीच, मधेमधे फिकट गुलाबी चट्टे. त्यांच्या लगेच ध्यानात आलं. माझं तोंड उतरलं, पण त्या चक्क हसल्या. "अगं, जाऊ दे. आता पाहा मज्जा. हे पाहून तुझे काका माझी नोकरीच खाऊन टाकतील."

ठिबकती लड थाळीत घेऊन त्या खाटेशी गेल्या, खिडकीच्या उजेडात धरली. "अहो, इन्स्पेक्शन. रेड ऑक्साइड."

काका बघत राहिले. मग डावा हात उठला आणि त्यांनी अंगठा वर केला.

काकूंना वाटलं नीट दिसलं नसेल. त्यांनी लड जवळ नेली, चट्टे समोर धरले. पुन्हा अंगठा. चेहरा प्रसन्न, कुणी पाहुणा आल्यावर असतो तसा. काकूंनी हातातली थाळी माझ्याकडे दिली आणि खाटेच्या काठावर बसल्या. त्यांनी काकांचा हात आपल्या हातात घेतला, तो अंगठा हळूच मिटवला, तर्जनी सरळ केली आणि स्वतःच आडवी हलवली. "नाही म्हणा हो," त्या म्हणाल्या. "एकदा नाही म्हणा."

हात सोडला तसा अंगठा परत वर आला.

मी स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. पाणी अजून लाल होतं, ते मोरीत ओतलं. बराच वेळ मोरी धूत बसले, कारण बाहेर जायचं धाडस नव्हतं. शेवटी काकूच आत आल्या, नळाखाली हात धरले. मी म्हटलं, "काकू, माझ्यामुळे झालं." त्या म्हणाल्या, "तुझ्यामुळे काय? एक दिवस समजायचंच होतं. बस, थकून गेली गं मी." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून थकल्याचं मी तेव्हाच ऐकलं.

त्यानंतर काका उन्हाळ्यापर्यंत होते. काकूंनी त्यांना वळवणं, पुसणं, भरवणं यात तसूभरही कमी केलं नाही, पण रंगाची डबी पुन्हा घरात आली नाही. काका गेल्यावर ज्योती, त्यांची मुलगी, त्यांना नागपूरला घेऊन गेली. निघताना काकूंनी ते पातेलं माझ्या दारात आणून ठेवलं. "यात भात नको करू," एवढंच म्हणाल्या.

पातेलं वर्षानुवर्षं माळ्यावर पडून होतं. आम्ही निवृत्त होऊन भोपाळातच अयोध्या नगरात घर घेतलं, तेव्हा सामानात ते सापडलं. या हिवाळ्यात ते काढलं, खादीची लोकर आणली, धागा जाळून वास घेतला. केशरी, तांबडा, नखभर हिरवा. ढवळलं नाही. पाणी निवळलं. लड वाळल्यावर मला वाटलं, हाच तो. जुन्या क्वार्टरच्या फाटकाचा रंग.

ज्योतीला व्हिडिओ कॉल लावला. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत. ज्योती म्हणाली, "आई हल्ली कुणाला ओळखत नाही, मावशी. दिवस-दिवस बोलत नाही. वाईट वाटून घेऊ नका." तिनं फोन काकूंसमोर धरला. काकू खुर्चीत बसल्या होत्या, नजर कुठेतरी दुसरीकडे. मी हाक मारली, नाव सांगितलं. काही नाही. मग मी लड खिडकीच्या उजेडात धरली आणि म्हटलं, "काकू, इन्स्पेक्शन."

त्यांची नजर वळली. बराच वेळ लडीवर खिळून राहिली. माझा हात दुखायला लागला, तरी मी तो खाली घेतला नाही. मनात एकच होतं, अंगठा नको, काकू, अंगठा तेवढा नको.

मांडीवरून त्यांचा हात उठला आणि तर्जनी आडवी हलली.

मला इतकं बरं वाटलं की ज्योतीला काही सांगताच येईना. फोन ठेवला, डोळे पुसले आणि लड पुन्हा पातेल्यात सोडली.