बोलावल्याशिवाय उतरायचं नाही

गाडीतल्या पाहुण्यांना खाली उतरू देण्याआधी ते प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर शेंगांची चटणी ठेवायचे. "आधी जीभ जागी करा. जीभ जागी झाली की डोळं आपोआप उघडत्यात," असं म्हणायचे. पाहुणा शहरातला असला तर चटणीकडं बघत बसायचा, रुमाल शोधायचा. ते थांबायचे. चटणी तोंडात गेल्याशिवाय बैल सोडत नसत.

गावात त्यांना सगळे मामू म्हणायचे. खरं नाव मी लिहीत नाही. लिहून आता कुणाला उपयोग नाही.

आमचं गाव तेरला लागून. मी लग्न होऊन आले तेव्हा निजामाचं राज्य होतं. लातूरकडून, बार्शीकडून छोट्या रेल्वेनं माणसं यायची, तेरची जुनी विटांची देवळं बघायला, नदीकाठची पांढरीची, म्हणजे जुन्या वस्तीची, टेकाडं बघायला. पाऊस पडून गेला की त्या टेकाडांतून रंगीत मणी उघडे पडतात, अजूनही पडतात. मामूंकडं वर छत घातलेली बैलगाडी होती. स्टेशनवरून माणसं घ्यायची, दिवसभर फिरवायची, दिवेलागणीच्या रेल्वेला परत सोडायची. चारांपेक्षा जास्त माणसं ते घेत नसत. "चारजनांना वाढता येतं. पाचवा आला की आमटीत पानी," म्हणायचे.

कारण त्यांची फेरी देवळांची कमी आणि खाण्याची जास्त. सकाळी गवळ्याच्या भट्टीवर गरम खवा, मग एक देऊळ. आमच्या घरी धपाटे आणि दही, मग दुसरं देऊळ. हुरड्याच्या दिवसांत माळ्याच्या रानात आगटीपाशी बसून हुरडा, मग टेकाडं. "उपाशी मानसाला देऊळ दिसत न्हाय, निस्ता दगूड दिसतो," हे त्यांचं ठरलेलं. आमच्याकडं पाहुण्यांना वाढायचं काम माझं, म्हणून मामू मला माहीत. नात्यागोत्यातून नाही.

खाण्याच्या बाबतीत मामू कधी खोटं बोलले नाहीत. दही आंबट असलं तर पाहुण्यांसमोर आंबट म्हणायचे. खवा करपला तर गवळ्याला तोंडावर सांगायचे. देवळांच्या बाबतीत मात्र काहीही सांगायचे. एका पाहुण्याला सांगितलेलं दुसऱ्याला सांगत नसत. हितनं रोमला माल जायचा, असं कुठल्याशा साहेबाकडून त्यांनी ऐकलं होतं. एका बाईंनी विचारलं, "रोम कुठंय हो?"

"मुंबईच्या पल्याड," मामू म्हणाले. "पर तिकडं आता कुनी जात न्हाय."

तेरच्या जुन्या देवळांची वीट पाण्यावर तरंगते. हे मात्र खरं आहे. मामू गाडीत विटेचा एक तुकडा ठेवायचे आणि आमच्या अंगणातल्या घंगाळात सोडून दाखवायचे. एकदा तो तुकडा कुठं पडला कुणास ठाऊक, त्यांनी वाटेतला दुसरा उचलला. तो चावडीच्या नव्या भिंतीचा निघाला. सोडला तो थेट तळाला. पाहुणे घंगाळात बघतायत, मामू घंगाळात बघतायत.

"लई पाहुणे बघितले की ती लाजती," मामू म्हणाले.

माझ्या सासूबाई कधी हसत नसत. त्या दिवशी त्या आत जाऊन चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसल्या.

सासूबाईंना सगळा गाव आक्का म्हणायचा. मामूही आक्काच म्हणायचे, वयानं त्या मोठ्या. दोघांचं एका गोष्टीवरून दर वर्षी भांडण, ते म्हणजे येळवशीची आंबील. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. ती आमच्या धाराशिव-लातूरकडची. त्या दिवशी घरात कुणी राहत नाही. रानात कडब्याची झोपडीसारखी कोप करायची, पाच दगड मांडून पूजायचे, शेंगा-डाळी-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, बाजरीचे उंडे, ताकातली आंबील घेऊन सगळ्यांनी रानातच जेवायचं. वाटेनं कुणीही जात असलं तरी हाक मारायची, "या, भज्जी खायला या." हाक मारल्यावर जायचंच. पण हाक आल्याशिवाय कुणाच्या रानात पाय ठेवायचा नाही, हाही नियम. मामू पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचे, "बोलावल्याबिगर उतरायचं न्हाय. पर बोलावत्यात. काळजी करू नगा."

त्या दिवशी रानोरान थांबत त्यांची गाडी फिरायची. आमच्या रानात आली की मामू पाहुण्यांना म्हणायचे, "आक्कांची आंबील प्या. आज पेली की उद्या दात घासायची गरज न्हाय."

"आंबट लागती तर पिऊ नगंस," आक्का म्हणायच्या. आणि पुन्हा गाडगं ओतायच्या.

एक गोष्ट सांगायला हवी. एरवी आमच्या घरी मामू ओसरीखाली बसायचे. ते मुसलमान, म्हणून त्यांची ताटली वेगळी, गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेली. ती ते स्वतः धुवायचे. आमच्याच घरी असं नव्हतं, सगळ्या घरांत होतं. ते बरं होतं असं मी म्हणणार नाही. येळवशीला मात्र सगळ्यांनाच पळसाच्या पत्रावळी, सगळ्यांची पंगत मातीवर. मामू वर्षातून त्या एका दिवशी पंगतीत बसायचे. त्या दिवशी ते धुतलेला सदरा घालायचे. हे आमच्या ध्यानात यायचं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

मग ते वाईट वर्ष आलं. निजामाच्या बाजूची, बंदुका घेतलेली माणसं गावोगाव हिंडत होती. ती कोण, हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना सांगावं लागत नाही. एक दिवस त्यांनी मामूंची गाडी धरली. आम्हाला वाटलं, गाडी-बैल गेले. पण मामू स्वतः धुरेवर बसून गेले. वाटेवरच्या रानांतून सगळ्यांनी बघितलं, मागं बंदुकवाले आणि पुढं मामू. काही दिवसांनी ते बैलांसकट परत आले. बैलांच्या पाठी सोललेल्या होत्या.

माझ्या नवऱ्यानं त्यांना तोंडावर विचारलं, "मामू, तुमी त्यांच्यासंगं का गेलता?"

"बैलं माजी हायती," मामू म्हणाले. "मी न्हाय गेलो तर माघारी कोन आनील?"

मला ते पटलं. गावाला पटलं नाही. गावाला तेव्हा भीती होती, आणि भ्यालेल्या माणसाला काही पटवता येत नाही. चावडीवर ठरलं की या येळवशीला मामूंना कुणी हाक मारायची नाही. माझे सासरे त्या बैठकीला होते. घरी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं आणि जेवायला बसले. आक्कांनी वाढलं.

मामूंना हे कुणी कळवलं नाही. येळवशीच्या दिवशी ते नेहमीसारखे गाडी घेऊन आले. गाडीत लातूरचे एक किराणा दुकानदार, त्यांची बायको आणि म्हातारी आई. त्यांना स्वतःचं रान नव्हतं. रानोरान जेवायला मिळंल, असा शब्द मामूंनी त्यांना दिला होता.

आमचं रान वाटेवर शेवटचं, थोडं उंचावर. तिथून सगळं दिसत होतं. पहिल्या रानापाशी गाडी हळू झाली. माणसं कोपीत शिरली. दुसऱ्या रानात सगळे पाठ करून ज्वारीकडं बघत उभे राहिले, जणू ज्वारी त्या दिवशीच उगवली होती. माळ्याच्या रानात एका लहान पोरीनं हाक मारली, "मामू, या", आणि तिच्या आईनं तिचं तोंड दाबलं. गाडी कुठंच थांबली नाही, पण प्रत्येक बांधापाशी हळू व्हायची.

गाडी आमच्याजवळ आली तेव्हा दुकानदाराच्या आईचा आवाज ऐकू आला. "मामू, हितं बोलावत न्हाईत का कुनी?"

"पूजा चालल्यात अजून," मामू म्हणाले.

पूजा केव्हाच झाल्या होत्या. ऊन डोक्यावर होतं. मामूंच्या अंगात धुतलेला सदरा होता. आमच्या बांधापाशी त्यांनी मान वर केली नाही. सासरे खाली वाकून मांडलेले पाच दगड पुन्हा मांडायला लागले. मी हातात पत्रावळी घेऊन उभी. गाडी बांध ओलांडून पुढं निघाली.

"ए मामू," आक्का म्हणाल्या. "एवढी आंबील काय जनावरांला घालू? गाडी हान हिकडं."

सासरे न वळता म्हणाले, "गावात ठरलंय."

"मग गावानं येऊन प्यावी. भज्जी म्या शिजवली. ठरवताना मला कुनी इचारलं न्हाय."

मामूंनी गाडी थांबवली, पण उतरले नाहीत. एकदा सासऱ्यांकडं बघितलं, एकदा खालच्या रानांकडं. सगळी रानं आता आमच्याकडंच बघत होती.

"आक्का, पावण्यांना वाढा. बैलं बुजत्यात, मी हितंच बसतो," ते म्हणाले.

बैल कसले बुजतात. दोन्ही बैल माना टाकून उभे होते.

आक्कांनी पाहुण्यांना बसवलं, मला वाढायला सांगितलं, आणि स्वतः पत्रावळ भरून गाडीपाशी गेल्या. मामू धुरेवर बसून जेवले. ते जेवत होते तोवर आक्का तिथंच उभ्या राहिल्या, एक हात बैलाच्या वशिंडावर ठेवून. दुसऱ्यांदा आंबील ओतली, तिसऱ्यांदा ओतली. मामू नेहमीचं बोलतील म्हणून त्या वाट बघत होत्या, हे मला लांबूनही कळत होतं.

शेवटी त्यांनीच विचारलं. "आंबट न्हाय का?"

"न्हाय आक्का," मामू म्हणाले. "गोड हाय."

घरी परत येताना आक्का मला म्हणाल्या, "त्यानं खोटं बोलायला नको हुतं." गावानं काही दिवस आम्हाला विहिरीवर बाजूला ठेवलं, मग विसरलं.

त्यानंतरच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं. गूळ वाटला. आम्हीही वाटला, आनंद झाला होता तो खोटा नव्हता. पण त्यानंतरच्या दिवसांत आसपासच्या गावांत जे झालं तेही खोटं नाही. ज्यांनी बंदुका धरल्या होत्या ते आधीच पळाले. त्यांच्या धर्माचे जे मागं राहिले, त्यांच्यावर राग निघाला. आमच्या गावात कुणी मेलं नाही. मामूंच्या वस्तीतली घरं फोडली, भांडी नेली, एका घराला आग लावली. कुणी लावली ते गावाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामू आमच्या दारात आले. गाडीत त्यांची बायको आणि दहा-बारा वर्षांची मुलगी. एक ट्रंक, एक घमेलं, गोधडी. बायको मी त्याआधी लग्नकार्यातच काय ती बघितलेली. सासरे ओसरीवर होते, ते उठून उभे राहिले.

"कुठं निगालास?" आक्कांनी विचारलं.

"भनीकडं. हैदराबादेला."

"कडब्याची गंज मोठी हाय मागं. कोठा रिकामा हाय. ऱ्हावा हितं. चार दिसांत समदं निवतंय."

मामू म्हणाले, "आक्का, तुमी येकदा हाक मारली. आता रोज सकाळी तुमीच हाक मारायची, तवा म्या ऱ्हायाचं. असं किती दीस?"

आत जाऊन आक्कांनी भाकरी बांधून आणल्या आणि मुलीच्या मांडीवर ठेवल्या. सासरे तेवढ्यात कसंबसं म्हणाले, "मामू, रस्त्यानं जपून." मामूंनी मान हलवली.

ते गेल्यावर मी मूग तोडायला रानात गेले. उंचावरून स्टेशनचा रस्ता दिसतो. माणूस अशा वेळी बैल पळवतो. मामूंची गाडी जुन्या देवळाखाली उभी होती.

मला आधी वाटलं, कुणी अडवलं. तसं नव्हतं. मामू खाली उतरले होते. त्यांनी मुलीला हात देऊन उतरवलं, मग बायकोला. इतक्या वर्षांत इतक्या लोकांना फिरवलं, पण या दोघींना त्यांनी देऊळ दाखवलं नव्हतं. बायको गाडीचं चाक धरून उभी राहिली. मुलगी वर बघत होती. मामू हात वर करून काहीतरी सांगत होते. काय, ते एवढ्या लांबून ऐकू येणार नव्हतं. मुलीनं काहीतरी विचारलं असावं, कारण ते थांबले, मग पुन्हा सांगायला लागले.

माझ्या ओट्यात मूग भरत आले. मग तिघं गाडीत बसले आणि गाडी हलली. पुढं उतार आहे, तिथून गाडी दिसत नाही.