स्लॅबमधले डबे

आमच्याकडं रात्रीची जेवणं लवकर, आणि जेवणं झाली की मेंढीकोट. एक जोडी मी आणि आमचे हे, दुसरी सासूबाई आणि मामंजी. भिडू भिडूच्या समोर बसायचा, म्हणजे म्हातारा-म्हातारी समोरासमोर. मामंजी खाकरले की इस्पिक, मिशीवर हात गेला की बदाम. आम्हाला हे सगळं ठाऊक होतं, तरी जिंकायची तीच दोघं.

मग मामंजींच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. जाड भिंगांचा चष्मा आला, आणि उघडा बल्ब त्यांच्या डोळ्यांत सुईसारखा टोचायला लागला. ट्यूब लावून बघितली, ती तर त्याहून वाईट. दिवा लागला की ते उठून मागच्या पडवीत अंधारात जाऊन बसत. ताटसुद्धा तिकडंच. बोलवायला गेलं की म्हणत, "माझं झालं की आता. तुम्ही खेळा." तिघांत कसला आलाय मेंढीकोट? पत्ते फडताळात गेले ते गेलेच. सासूबाई लवकर अंथरूण घालत. मला तर भयंकर राग यायचा. हाडामासाचं माणूस घरात असून नसल्यासारखं!

त्याच सुमाराला, ऐंशी सालानंतर, उचगावच्या बाजूला आम्ही घर बांधायला काढलं. राजारामपुरीतल्या एका साडीच्या दुकानात मी छतात खोल बसवलेले दिवे पहिल्यांदा बघितले. उजेड पडत होता, पण बल्ब कुठून दिसत नव्हता. मी मान वर करून उभीच. दुकानदार म्हणाला, "वैनी, माल खाली हाय." मी साडी न घेता घरी आले आणि जाहीर केलं, नव्या घरात बसायच्या खोलीत असे दिवे होणार.

वायरमन हसला. "खड्ड्यात दिवा कोण लावतंय वैनी?" गवंडी म्हणाला, "स्लॅबला भोकं पाडली की गळणार. हितं गगनबावड्याएवढा पाऊस नसंल, पर गळायला पुरतोय." म्हटलं, भोक कशाला, खळगा ठेवा. वनस्पती तुपाचे रिकामे डबे स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्यांवर पालथे ठेवा, आणि डब्यावर काँक्रीट उंच घ्या. गच्चीवर टेंगळं आली तर येऊ देत. त्यावर काय मला नाचायचंय?

आता डबे कुठं ठेवायचे? स्लॅब एकदा ओतला की ब्रह्मदेव आला तरी डबा हलत नाही. सगळ्यांचं मत एकच, प्रत्येकाच्या डोक्यावर एक. मलाही ते पटलं होतं. पण खात्री केल्याशिवाय मी मीठही घेत नाही. सेंट्रिंग ठोकून झाल्यावर एका संध्याकाळी वायरमनकडून फळ्यांखाली चार डबे टांगून घेतले, आत बल्ब लावले, आणि टेकूंच्या गर्दीत पोती अंथरून आम्ही तिघं पत्ते घेऊन बसलो. मामंजी काही आले नाहीत. बघतो तर काय, ज्याच्या त्याच्या डोक्याची सावली त्याच्याच पानांवर! सासूबाई कडाडल्या, "माझंच टकुरं आडवं येतंय की गं!"

मग डबे हातभर पुढं घेतले, पोत्यांच्या मधल्या अंगाला. पानं लख्ख दिसली. मामंजींच्या जागी बसून, त्यांच्या उंचीएवढी मान करून मी चारी बाजूंना बघितलं. एकही बल्ब डोळ्यांवर येत नव्हता. फळ्यांवर गेरूनं खुणा केल्या. हे वैतागून म्हणाले, "चार पत्त्यांसाठी केवढा हा उपद्व्याप!"

"पत्त्यांसाठी न्हवं, तुमच्या वडलांसाठी," मी म्हटलं.

स्लॅबच्या दिवशी सकाळी नारळ घेऊन पोचलो. मिक्सर घरघरत होता, बायका घमेली घेऊन रांगेत उभ्या होत्या. वर चढून बघते तर गवंड्यानं माझे चार डबे उचलून कोपऱ्यात टाकलेले, आणि बरोब्बर मधोमध एकच ठेवलेला. "मधी शोभतंय वैनी. चार टेंगळं बघून लोक हसतील." माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि सळ्यांच्या जाळीवर बसकण मारली. "डबे खुणेवर बसल्याबिगर मी उठत न्हाय. घाला काँक्रीट माझ्या अंगावर!"

हे खालून हात जोडताहेत, लोक बघताहेत, मिक्सर फिरतोय. आणि सासूबाईंचा आवाज आला, "हलू नगंस गं तिथनं!" गवंड्यानं कपाळाला हात लावला आणि आपल्या हातानं चारी डबे खुणांवर बसवले.

पुढं शेजारी विचारायचे, गच्चीवर काय पुरलंय? मी सांगायची, गुप्तधन.

वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवे लावले. मामंजींना बोलवायचं नाही, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. सासूबाईंनी पत्ते पिसले आणि चार वाटे केले. चौथा वाटा सतरंजीवर तसाच पडून. एवढा हट्ट केला, आणि नाहीच आले तर?

थोड्या वेळानं मामंजी दारात आले. आधी डोळ्यांवर हाताचा आडोसा, मग हात हळूहळू खाली. वर बघितलं, खाली बघितलं. पुढं येऊन आपल्या जागेवर बसले. पानं उचलली, पण लावली नाहीत. समोर सासूबाईंकडं टक लावून बघत राहिले.

"कवा म्हातारी झालीस गं तू?" त्यांनी विचारलं.

सासूबाईंनी पानांवरची नजर काढली नाही. म्हणाल्या, "तुम्ही तिकडं अंधारात बसला हुतासा, तवा."